परग्रहाहून येणाऱ्या सभासदांसाठी सूचना

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

आज मंडळीच्या पत्रकात एक चूक छापून गेली. चिटणीस मी, पत्रक काढतो मी, म्हणजे चूकही माझीच. बावीस वर्षांत ही पहिली. २००९ साली एका प्रार्थनासभेची वेळ चुकली होती, पण ती मयताच्या घरच्यांनीच चुकीची सांगितली होती.

छापायचं होतं ते असं: ‘परगावाहून येणाऱ्या सभासदांनी मागील मंडळीच्या चिटणिसाचे पत्र आणावे. पत्राशिवाय प्रभुभोजनात भाग घेता येणार नाही.’

छापून आलं ते असं: ‘परग्रहाहून येणाऱ्या सभासदांनी मागील मंडळीच्या चिटणिसाचे पत्र आणावे.’ पुढचं सगळं बरोबर. शेजारी उडत्या तबकडीचं चित्र.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी मजकूर फोनला तोंडी सांगतो आणि फोन लिहितो. पाठवायच्या आधी अरुणा वाचून दाखवते. शुक्रवारी तिने ‘परगावाहून’ असंच वाचलं होतं. माझी बायको तेहतीस वर्षं नर्स होती. डॉक्टरांचं अक्षर तिने जन्मभर बिनचूक वाचलं. त्यामुळे चूक तिच्यानंतर झाली असली पाहिजे.

पाळकसाहेबांनी सूचना होती तशी वाचली. नंदकिशोर भालेराव, वय चौतीस, आमच्याकडे येऊन वर्ष झालं. वाचून थांबले, मग वळून मागच्या भिंतीकडे पाहिलं. सानपाड्यात मंडळीची स्वतःची इमारत नाही, दर रविवारी आम्ही एका शाळेचा हॉल घेतो. त्या भिंतीवर शाळेने सूर्यमाला रंगवलेली आहे. आमचा क्रूस गुरू आणि शनी यांच्यामध्ये असतो, कारण खिळा तिथे आहे.

मंडळी हसली. उपासनेत हसायची आमच्याकडे पद्धत नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सकाळी हितेशच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. पत्रक तोच छापतो.

‘काका, जसा मेसेज आला तसा छापला. मला वाटलं नाताळचा काय तरी प्रोग्राम असेल. बाजूला जागा खाली होती म्हणून तबकडी टाकली. फ्रीमध्ये.’

मी म्हणालो, तबकडी टाकायच्या आधी विचारायचं.

‘विचारलं ना! तुमच्या घरी फोन केला. काकी बोलल्या, छान दिसेल.’

त्याने मला माझाच मेसेज दाखवला. त्यात ‘परग्रहाहून’ होतं. म्हणजे घरातून निघाला तेव्हा बरोबर होता आणि हितेशकडे पोहोचेपर्यंत बदलला. फोनचा भरवसा नाही. कारखान्यात स्टोअरकीपर होतो तेव्हा माल निघाला की गेटवर एकदा आणि पोहोचला की पुन्हा एकदा मोजायचो, ते उगाच नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

अमोलिक सरांचं लेखी पत्र आलं. अरविंद अमोलिक, वय एकाहत्तर, निवृत्त मराठी शिक्षक, कमिटीत माझ्याही आधीपासून. मागणी: चुकीची दुरुस्ती पुढच्या पत्रकात ठळक अक्षरांत यावी, तबकडीशिवाय.

मी दुरुस्ती तयार केली आणि पाळकसाहेबांना पाठवली. ते म्हणाले, ‘घाई नको काका. ही चूक आहे की प्रश्न आहे, ते कमिटीत ठरवू.’

पाळकसाहेब सेमिनरीत गिटार शिकलेले आहेत. मी त्यांच्याबद्दल घाईने मत करून घेत नाही, पण गिटार आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अरुणा सीवूड्सच्या मॉलमध्ये चालायला गेली. दर गुरुवारी जाते. गुडघ्यांना सपाट फरशी आणि गार हवा चांगली, असं तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आज जाताना डिंकाच्या लाडवांचा डबा नेला. चालताना मध्येच भूक लागते म्हणाली. डब्यात पंचवीस लाडू होते.

क्षिप्राही सीवूड्सलाच राहते. आमची मुलगी. त्याचा इथे संबंध नाही, पण लिहायला बसलोच आहे तर लिहितो.

आमच्या मंडळीचा सातवा नियम असा की, मंडळीच्या संमतीशिवाय मंडळीबाहेर लग्न करणाऱ्याचं नाव यादीतून कमी करावं. सप्टेंबर २०२१ मध्ये तिने अभिराम कारखानीस या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. हिंदू घर, बँकेत नोकरी, मुलाविरुद्ध बोलायला काही नाही. १२ तारखेच्या रविवारी कमिटी बसली, तेव्हा दुसऱ्या कोणी तोंड उघडायच्या आत ठराव मीच मांडला. अनुमोदन अमोलिक सरांनी दिलं. नावावर लाल रेघ मी मारली. पट्टी घेऊन.

तेव्हापासून बोलणं नाही. या मे महिन्यात तिला मुलगी झाली, असं अरुणाने भाकरी थापता थापता सांगितलं. मी म्हणालो, बरं. नाव तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

नातीला बघावंसं वाटतं. हे इतिवृत्त नाही, दैनंदिनी आहे, म्हणून लिहितो. क्षिप्राचीही आठवण येते. पण जिचं नाव मी स्वतःच्या हाताने कमी केलं, तिच्या दारात कोणत्या तोंडाने उभा राहू? सानपाड्याहून सीवूड्स तीन स्टेशनं आहे. जुईनगर, नेरूळ, सीवूड्स.

रविवार, ९ नोव्हेंबर

उपासनेनंतर कमिटी. विषय एकच.

पाळकसाहेब म्हणाले, दुरुस्ती छापली तर त्याचा अर्थ असा होईल की परग्रहाहून कोणी येऊ नये. तसं म्हणायचा अधिकार आपल्याला आहे का, हे आधी ठरवू.

अमोलिक सर म्हणाले, ‘अधिकाराचा प्रश्न येत नाही. पाप आदामापासून आलं. ते लोक आदामाचे वंशज नाहीत. पाप नाही, तर तारणाची गरज नाही. गरज नाही, तर ते आपल्याकडे येतील कशाला?’

प्राची तरुण संघाची प्रतिनिधी आहे. वाशीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. ती म्हणाली, ‘मग टेन्शन त्यांनी घ्यायला पाहिजे ना सर. पापी तर आपण. त्यांच्याकडे इन्फेक्शन आपलं जाणार.’

सर म्हणाले, ‘इन्फेक्शनला मराठी शब्द संसर्ग.’

प्राचीने माहिती दिली की दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे सहा हजारांहून जास्त ग्रह सापडले आहेत, पण जीव अजून कुठे सापडलेला नाही. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळच्या ताऱ्यावरून निरोप निघाला तरी आपल्याकडे पोहोचायला सव्वाचार वर्षं लागतात. मी विचारलं, एवढ्या उशिरा आलेल्या निरोपावर आवक तारीख कोणती टाकायची? ती म्हणाली, पोहोचला त्या दिवसाची. बरोबर आहे.

विषय निघालाच म्हणून मी हेही मांडलं की भिंतीवर नऊ ग्रह आहेत. प्लूटोला यादीतून काढून किती वर्षं झाली. शाळेला दोनदा लेखी कळवलंय.

प्राची म्हणाली, ‘काका, यादीतून काढलंय. पण तो तिथेच फिरतोय हो, आपल्याच सूर्याभोवती. त्याला कुठे माहितीये काढलंय म्हणून?’

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तरी रंगवताना यादी बघायला हवी.

शेवटी त्यांनी चहासाठी थांबलेल्या मंडळीला आत बोलावलं आणि मला पत्राचा नियम सगळ्यांसमोर समजावून सांगायला सांगितलं. मी सांगितला. माणूस दुसरीकडून आला की पत्र घ्यायचं. इथून गेला, किंवा त्याचं नाव कोणत्याही कारणाने कमी झालं, की त्याच दिवशी चिटणिसाने पत्र लिहून त्याच्या हातात द्यायचं. म्हणजे जिथे जाईल तिथे तो कोणाचा कोण हे कळतं. बावीस वर्षांत मी एकशे सहा पत्रं दिली. एकही राहिलेलं नाही. मंडळीने टाळ्या वाजवल्या. अरुणाने वाजवल्या नाहीत, तिच्या हातात पर्स होती.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अरुणा मॉलमधून दुपारी तीनला आली. डबा रिकामा. साडीच्या खांद्यावर पांढरा डाग होता. आइस्क्रीम खाल्लंस का, म्हणून विचारलं. हो म्हणाली. तिला साखर वर्ज्य आहे, पण वयही झालंय, मी बोललो नाही. नंतर बेसिनपाशी डाग धुताना गुणगुणत होती. कोणतं गाणं ते ओळखू आलं नाही. आपल्या गीतांच्या पुस्तकातलं नव्हतं. अंगाईसारखं काहीतरी होतं.

मी दिवसभर त्या लोकांचा विचार करतोय. परग्रहावरच्या.

समजा ते आहेत. समजा त्यांच्याकडेही चोरी, खोटेपणा, भाऊबंदकी आहे. मग त्यांचं तारण कोण करणार? प्रभू प्रत्येक ग्रहावर वेगळा जाईल का? तिथेही त्याला धरतील, तिथेही मारतील. असे सहा हजार ग्रह. माझ्या मनाला ते सोसत नाही. एकदाच पुरे व्हायला हवं. पण एकदाच झालं असेल, तर आमच्याकडे काय झालं ते त्यांना कळणार कसं? आमच्या गोदामातून एकाच चलनावर तीन डेपोंना माल जायचा, पण त्या चलनाच्या तीन प्रती काढाव्या लागायच्या. प्रत नाही पोहोचली तर डेपोवाला माल दारातून परत पाठवायचा. त्याची चूक नव्हती. चूक प्रत न पाठवणाऱ्याची.

प्रार्थना केली. उत्तर आलं नाही. पण झोप लागली.

रविवार, १६ नोव्हेंबर

पाळकसाहेबांनी उपदेश याच विषयावर केला. म्हणाले, बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून ज्ञानी लोक आले. आकाशातला तारा बघत आले, दुसऱ्या देशाचे, दुसऱ्या धर्माचे. त्यांच्याकडे कोणाचं पत्र होतं? मरियेने त्यांना दारात उभं केलं का? आणि प्रभू स्वतः म्हणाला होता की माझी आणखीही मेंढरं आहेत, या वाड्यातली नसलेली. ती कोणती, हे त्याने सांगितलं नाही. आपण ठरवू नये.

उपदेशावर मला काही म्हणायचं नाही. फक्त एवढंच की ते ज्ञानी लोक सभासदत्व मागत नव्हते, भेट देऊन परत गेले. मी तसं पाळकसाहेबांना चहाच्या वेळी सांगितलं. ते म्हणाले, ‘काका, दारातून आत आल्यावरच भेट देता येते ना.’

याचा विचार करायला हवा.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पाळकसाहेब घरी आले. आमच्या रीतीप्रमाणे सलाम झाला. अरुणाने चहा टाकला.

‘काका, खरं सांगा. उद्या खरंच कोणी परग्रहावरून आला, तर तुम्ही काय कराल?’

मी विचार करून उत्तर दिलं. म्हणालो, इतक्या लांबून आलेला जीव. त्याचं बोलणं कोणाला कळत नसेल, आमचं त्याला कळत नसेल. दमलेला असेल. अशाला दारात उभं करून पत्र विचारणं शोभत नाही. आधी आत घ्यावं, पाणी द्यावं. आणि तिकडे मंडळीच नसेल तर पत्र देणार कोण? जे मिळणंच शक्य नाही ते मागू नये. गोदामाचा नियमसुद्धा हेच सांगतो.

अरुणा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती.

‘आणि जवळून कोणी आलं तर?’ पाळकसाहेब म्हणाले.

मी म्हणालो, ‘जवळच्याला नियम माहीत असतो.’

अरुणाने ट्रे पुढे केला. माझ्या चहात साखर होती. तीन वर्षांनी. अरुणाला विचारलं तर म्हणाली, ‘पहिलं ऐकलं तेव्हा घातली होती. दुसरं नंतर ऐकलं.’

हिचं बोलणं कधीकधी कळत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

कमिटी. ठराव मंजूर. मसुदा माझा. इथे उतरवून ठेवतो:

‘ज्या ठिकाणी पत्र देणारी मंडळी अस्तित्वात नाही, अशा ठिकाणाहून (परग्रह धरून) आलेल्या कोणासही पत्राची अट लागू राहणार नाही. त्याने उभे राहून आपण कोठून आलो ते सांगावे, एवढे पुरे.’

सूचक: वि. भा. रणपिसे. अनुमोदक: अ. र. अमोलिक. सर म्हणाले, कोणी येणारच नाही, तेव्हा अनुमोदन द्यायला हरकत नाही. मात्र ‘एवढे पुरे’ हे इतिवृत्ताच्या भाषेत बसत नाही. मी ते तसंच ठेवलं. का ठेवलं ते सांगता येत नाही.

घरी येईपर्यंत अरुणाने ठरावाचा फोटो काढून कोणाला तरी पाठवला होता. महिला मंडळाला असेल.

रविवार, ३० नोव्हेंबर

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. पहिली मेणबत्ती लावली. शाळेचे पंखे बंद करून लावावी लागते.

दुसऱ्या सूर्यमालेतून एक धूमकेतू आलाय आणि आपल्या सूर्याला वळसा घालून परत चाललाय, अशी पेपरात बातमी आहे. पुन्हा येणार नाही. ते वाचून दिवसभर करमलं नाही. धूमकेतूशी माझा काय संबंध, पण आला होता आणि आपल्याला दिसलाही नाही, हे बरोबर वाटलं नाही.

दुपारी अरुणा झोपलेली असताना फोन घेतला. म्हटलं, दोन ओळी पाठवाव्यात. फोनला तोंडी सांगितलं, ‘प्रिय क्षिप्रा’. फोनने लिहिलं, ‘प्रिय शिक्षा’. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सांगताना आवाज नीट लागला नाही. फोन ठेवून दिला.

गुरुवार, ४ डिसेंबर

अरुणा मॉलमध्ये गेली नाही. गुडघे बरे आहेत म्हणाली. दिवसभर घर आवरत होती. कपाटावरून जुनं दुपटं काढून धुतलं. पाय पुसायला कशाला एवढं स्वच्छ, म्हणून विचारलं.

‘रविवारी निळा शर्ट घाला,’ ती म्हणाली.

मी म्हणालो, रविवारी प्रभुभोजन आहे, पांढरा घालायची पद्धत आहे.

‘निळा घाला. तो तुम्हाला तिनेच...’ म्हणाली आणि थांबली. तो शर्ट क्षिप्राने पहिल्या पगारातून आणला होता. मला माहीत आहे. म्हणून तर घालत नाही.

रविवार, ७ डिसेंबर

आज झालं ते क्रमाने लिहितो.

निळा घातला.

उपदेशानंतर, प्रभुभोजनाच्या आधी, नव्या पाहुण्यांनी उभं राहून ओळख करून द्यायची असते. मी रजिस्टर घेऊन उभा राहतो, नाव आणि ठिकाण विचारतो, रकाना भरतो. पहिलं जोडपं करंजाड्याला राहायला आलेलं, मूळचं अहिल्यानगरचं. पत्र होतं, शिक्का होता. मग मी खाली बघूनच शेवटच्या बाकाला विचारलं, कारण शिक्क्याची तारीख उतरवत होतो.

‘नाव?’

‘क्षिप्रा विलास रणपिसे.’

शाई ओली होती. मी टिपकागद लावला. मग पुढचा रकाना होता, म्हणून विचारलं.

‘कोठून आलात?’

‘परग्रहावरून, पप्पा.’

कोणी हसलं नाही. मी वर पाहिलं. ती शाळेच्या बाकापाशी उभी होती, बारीक झाली आहे, खांद्यावर बाळ झोपलेलं. ते दुपटं.

अमोलिक सर उठले. ‘आक्षेप. सीवूड्स हा परग्रह नाही. तिथून रिक्षा येते. ठराव लागू होत नाही. पत्र हवं.’

पाळकसाहेबांच्या हातात प्रभुभोजनाची भाकर होती. ते म्हणाले, ‘निर्णय चिटणिसांचा.’

मी ठराव मनात दोनदा वाचला. हो म्हणून टाकायचं फार मनात होतं. ठराव माझा, शब्द माझे, एवढे पुरे. पण सरांचं बरोबर होतं. मी तसंच सांगितलं. म्हणालो, ‘आक्षेप योग्य आहे. ज्या ठिकाणी पत्र देणारी मंडळी नाही, असं ठरावात आहे. हिची मंडळी आहे. ही इथली. त्यामुळे हिच्याकडे पत्र असायला हवं.’

अरुणा बाकावरून उठली. चेहरा असा होता की मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. क्षिप्रा पिशवी उचलायला वाकली.

माझं वाक्य पूर्ण झालेलं नव्हतं. मी म्हणालो, ‘आणि ते पत्र द्यायचं काम चिटणिसाचं होतं. नाव कमी केलं त्याच दिवशी. मी नाव कमी केलं. पत्र दिलं नाही. एकशे सहा दिली म्हणून मी इथे उभा राहून सांगितलं, एकही राहिलं नाही म्हणालो. एक राहिलं होतं. माझ्याच मुलीचं. चूक तिची नाही. बस, क्षिप्रा. मला पाच मिनिटं द्या.’

पाच नाही, पंधरा लागली. चौथीच्या मुलांच्या बाकावर बसून लिहिलं, गुडघे मावत नव्हते. फोनला सांगितलं नाही, हाताने लिहिलं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, ते मोतीबिंदूमुळे नव्हतं. प्रभुभोजन तोवर थांबलं होतं. कोणी घड्याळ बघितलं नाही, किंवा बघितलं असेल तर मला दिसलं नाही.

पत्राची नक्कल:

‘दाखला देण्यात येतो की क्षिप्रा विलास रणपिसे ही या मंडळीची बाप्तिस्मा झालेली सभासद असून तिची वर्तणूक चांगली आहे. ती ज्या मंडळीत जाईल त्या मंडळीने तिला प्रेमाने स्वीकारावे. हे पत्र वेळेवर दिले गेले नाही, ही चूक चिटणिसाची आहे. चिटणिसाच्या वर्तणुकीविषयी मंडळीने योग्य तो विचार करावा.’

पत्र अमोलिक सरांकडे नेलं. सरांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली आणि खाली सही केली. ‘शुद्धलेखन सोडल्यास ठीक आहे,’ म्हणाले. मग रुमाल काढला.

मुलीचं नाव राजेश्वरी. तिच्या पणजीचं, तिकडच्या. सात महिन्यांच्या मानाने मोठं आहे, रकान्यात कसंबसं बसलं.

अभिराम बाहेर व्हरांड्यात बाळाची बॅग धरून उभा होता. चपला काढायच्या की नाही हे त्याला कळत नव्हतं. मी गेलो आणि म्हणालो, आत या.

तो म्हणाला, ‘बाबा, माझ्याकडे पत्र नाही.’

मी म्हणालो, ‘बसायला पत्र लागत नाही. आणि लागलं असतं तरी तुम्हाला ठराव लागू आहे.’

मग प्रभुभोजन झालं. क्षिप्रा रांगेत माझ्या पुढे होती.

घरी आल्यावर अरुणाला विचारलं, त्या शुक्रवारी फोनवर नक्की काय लिहिलेलं होतं?

‘परग्रहाहून.’

‘मग तू परगावाहून का वाचलंस?’

‘म्हटलं, निदान त्यांच्यासाठी तरी दार उघडतंय. कोणी सांगावं, मागून आणखी कोणी येईल.’

हितेशच्या फोनची माफी मागायला हवी.

पत्र आवक-जावक रजिस्टरात चढवलं. मागची तारीख मी आयुष्यात कधी टाकलेली नाही. आज टाकली. जावक: १२ सप्टेंबर २०२१. आवक: ७ डिसेंबर २०२५. तेच टेबल, तेच हस्ताक्षर. मध्ये चार वर्षं, दोन महिने, पंचवीस दिवस. म्हणजे सव्वाचार वर्षं. प्राचीला सांगायला हवं.

गुरुवार, ११ डिसेंबर

सकाळपासून माझे गुडघे दुखत होते. अरुणाबरोबर सीवूड्सला गेलो. संध्याकाळी सातला परत आलो. शर्टाच्या खांद्यावर पांढरा डाग आहे, धुवायला टाकलेला नाही.

मॉल आतून कसा आहे, ते अजून पाहिलेलं नाही.